पंचवीस पिढ्यांचा हिशेब: एक कोपेपॉड, दोन ताण

हा प्रयोग कधी थांबवला असता, यावर त्याचा निकाल बदलला असता. पहिल्याच पिढीत मोजमाप करून वही मिटली असती, तर निष्कर्ष निघाला असता की समुद्र तापला आणि त्यात कार्बन डायऑक्साइड मुरला की कोपेपॉड या इवल्याशा समुद्री प्राण्याची वंशवाढ निम्म्याहून खाली येते. तिसऱ्या पिढीला थांबलं असतं, तर लिहिलं गेलं असतं, ‘जमवून घेतलं, काळजी नको.’ प्रयोग पंचवीस पिढ्या चालला आणि तेव्हा जे दिसलं ते या दोन्ही निकालांत बसत नव्हतं. पुढे याच प्राण्यांना त्यांच्या मूळ पाण्यात परत नेऊन पाहिलं, तेव्हा चौथंच काहीतरी हाती आलं.

प्राण्याचं नाव अकार्टिया टोन्सा. प्रयोग अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातला, हान्स डॅम यांच्या प्रयोगशाळेतला. जनुकांची बाजू व्हरमाँट विद्यापीठातल्या मेलिसा पेस्पेनी आणि रीड ब्रेनन यांनी सांभाळली. मुख्य निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यापुढचे २०२२ आणि २०२३ मध्ये. अपृष्ठवंशी प्राणी एकाच वेळी आलेल्या अनेक ताणांना कसं तोंड देतात, या प्रश्नावर ढिगाने लिखाण आहे, पण बरंचसं एका पिढीपुरतं. इथे एकाच प्राण्याचा माग वर्षभर, पिढ्यान्‌पिढ्या काढला गेला, म्हणून हे प्रकरण निवडलं.

प्राणी कोण आहे

कोपेपॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कुळातले बारीक कवचधारी जीव. ग्रीक भाषेत ‘कोपे’ म्हणजे वल्हं आणि ‘पोद’ म्हणजे पाय. पायांची वल्ह्यासारखी हालचाल पाहून हे नाव पडलं. अकार्टिया टोन्साची पूर्ण वाढ झालेली मादी साधारण एक मिलिमीटरची. नुसत्या डोळ्यांना ती पाण्यात उडी मारणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. समुद्रातल्या बहुपेशीय प्राण्यांत कोपेपॉड संख्येने सर्वांत जास्त असावेत असं मानतात. सूक्ष्म वनस्पतिप्लवक खाऊन ते वाढतात आणि माशांची पिल्लं त्यांना खाऊन वाढतात. सूर्यप्रकाशातून तयार झालेलं अन्न माशांपर्यंत पोचवणारे हमाल म्हटलं तरी चालेल.

या प्रकरणासाठी त्याच्या आयुष्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, मादी अंडी अंगाशी सांभाळत नाही. सुटी अंडी पाण्यात सोडून देते, त्यामुळे पाण्याचं रसायन अंड्याला पहिल्या क्षणापासून भिडतं. दुसरी, अंड्यातून बाहेर आल्यावर नॉप्लियस या पहिल्या पिल्लरूपाच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइट या पुढच्या पिल्लरूपाच्या पाच, आणि मग प्रौढपण. प्रत्येक टप्प्यावर कात टाकायची आणि प्रत्येक टप्प्यावर मरायची शक्यता. तिसरी, अंगात चरबीचा मोठा साठा नाही. हातावर पोट. आज खाल्लं तर उद्या अंडी. थंड समुद्रातले काही कोपेपॉड महिनोन्‌महिने साठ्यावर काढतात, याला ते जमत नाही.

शिवाय पिढी लहान. अठरा ते बावीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोनेक आठवड्यांत नवी पिढी उभी राहते. उत्क्रांती डोळ्यांसमोर घडताना पाहायची तर असाच प्राणी हवा. प्रवाळांवर हा प्रयोग करायला घेतला तर संशोधकाच्या नातवंडांना निष्कर्ष लिहावे लागतील.

पाण्यात काय बदलतंय

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं. आता ते ४२०च्या वर आहे. माणूस जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळल्यावर त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि पीएच खाली येतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे: ०.१चा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांत पाव हिश्श्याहून जास्त वाढ.

आम्लीकरण म्हटलं की शिंपले विरघळतात, प्रवाळ झिजतात असं चित्र समोर येतं. अकार्टियाला चुन्याचं कवच नाही. त्याचं बाह्यकवच कायटिनचं. मग त्याला काय फरक पडतो? पेशींच्या आतला पीएच ठरावीक पट्ट्यात राहिला तरच प्रथिनं आणि विकरं नीट काम करतात. बाहेर हायड्रोजन आयन वाढले की ते आतून बाहेर ढकलण्यासाठी पंप चालवावे लागतात आणि पंपाला ऊर्जा लागते. तापमान वाढलं की चयापचय वेग घेतो, म्हणजे नुसतं जिवंत राहण्याचा खर्चही वाढतो. दोन्ही ताण शेवटी एकाच गल्ल्यात हात घालतात. अंड्यांसाठी ठेवलेली ऊर्जा त्याच गल्ल्यातली.

इथेच ‘एकाहून जास्त ताण’ या विषयातली मेख आहे. एका ताणाने वीस टक्के नुकसान होतं आणि दुसऱ्याने तीस टक्के, तर दोन्ही मिळून किती? साधी बेरीज केली तर पन्नास. पण पहिल्या ताणातून शंभरातले ऐंशी वाचले आणि दुसऱ्याने त्या ऐंशीतले तीस टक्के नेले असं धरलं, तर नुकसान चव्वेचाळीस. आता प्रत्यक्षात सत्तेचाळीस टक्के नुकसान दिसलं, तर बेरीजवाला म्हणेल, ‘अपेक्षेपेक्षा कमी, ताणांनी एकमेकांची धार बोथट केली.’ गुणाकारवाला म्हणेल, ‘अपेक्षेपेक्षा जास्त, दोघांनी मिळून हात धुऊन घेतले.’ आकडा तोच, निदान उलटं. या विषयावरचे वाद वाचताना समोरचा कुठला हिशेब धरून बोलतोय हे आधी पाहावं, नाहीतर दोघंही बरोबर असून तासभर भांडण चालतं.

२००८ साली केटलिन क्रेन, क्रिस्टी क्रोकर आणि बेन हाल्पर्न यांनी समुद्री परिसंस्थांवरचे १७१ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात साधी बेरीज जुळली ती २६ टक्के अभ्यासांत. ३६ टक्क्यांत परिणाम बेरजेपेक्षा जास्त निघाला आणि ३८ टक्क्यांत कमी. म्हणजे चार वेळांतून सुमारे तीन वेळा एकेका ताणाची वेगळी माहिती असूनही दोन्हींचा एकत्र परिणाम सांगता येत नाही. तिसरा ताण आला की दोन तृतीयांश प्रसंगी चित्र पुन्हा बदलतं, हेही त्याच पाहणीत दिसलं. आणि या सगळ्यात पिढी हा घटक अजून आलेलाच नाही.

मांडणी

कनेक्टिकटच्या किनाऱ्यावर ग्रोटन इथे, लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून (पुढे नुसतं ‘साउंड’) कोपेपॉड गोळा केले. पकडलेले प्राणी थेट प्रयोगात घातले नाहीत. आधी काही पिढ्या प्रयोगशाळेत वाढवले. समुद्रातल्या अनुभवाची छाप आईकडून अंड्यात उतरू शकते, ती पुसली जाण्यासाठी हे गरजेचं असतं. मग त्यांचे चार वंश केले. पहिला १८ अंश तापमानात, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४०० मायक्रोॲटमॉस्फिअर (हवेच्या दाबाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोॲटमॉस्फिअर), म्हणजे साधारण आजचं पाणी. दुसरा १८ अंश पण २,००० मायक्रोॲटमॉस्फिअर, म्हणजे नुसतं आम्लीकरण. तिसरा २२ अंश आणि ४००, नुसती तापमानवाढ. चौथा २२ अंश आणि २,०००, दोन्ही एकत्र. प्रत्येकाच्या स्वतंत्र प्रती ठेवल्या. अशा प्रती नसतील तर जनुकांत झालेला बदल निवडीमुळे आला की योगायोगाने, हे कधीच सांगता येत नाही.

दोन हजारांच्या दाबाला पाण्याचा पीएच ७.५च्या आसपास येतो. आजच्या पाण्याच्या मानाने हायड्रोजन आयन चार-पाचपट. तरी हे पाणी आम्लधर्मी नव्हेच, सातच्या वर ते अल्कधर्मीच राहतं. ‘आम्लीकरण’ हा शब्द दिशा सांगतो, मुक्काम सांगत नाही. आकडा जास्तीचा वाटेल, कारण खुल्या समुद्राची सरासरी इतकी वर जायला बराच काळ लागेल. पण किनाऱ्यालगतच्या खाड्यांत रात्री सगळेच जीव श्वास घेतात आणि प्रकाशसंश्लेषण बंद असतं, तेव्हा दाब असाच चढतो. बावीस अंशही या प्राण्याला परके नाहीत. साउंडचं पाणी उन्हाळ्यात तेवढं तापतं. म्हणूनच मला हा प्रयोग जास्त बोलका वाटतो. दोन्ही ताण एकेकटे पाहिले तर त्याच्या ओळखीच्या पट्ट्यातलेच. अडचण दोन्ही कायमचे आणि एकत्र येण्यात आहे.

अन्न भरपूर दिलं, तीन प्रकारच्या सूक्ष्म शैवालांचं मिश्रण. ही बाब आत्ता तपशिलाची वाटेल, पण पुढे याच मुद्द्याने चित्र पालटलं.

मोजलं काय? नुसतं ‘किती मेले’ नाही. अंडी किती घातली, त्यातली किती फुटली, पिल्लांतली किती प्रौढ झाली, मोठं व्हायला किती दिवस लागले, नर-मादीचं प्रमाण काय, हे सगळं मोजून त्यातून प्रत्येक वंशाच्या वाढीचा दर काढला. उत्क्रांतीशास्त्रात ज्याला फिटनेस म्हणतात तो हाच. या पद्धतीचा फायदा असा की एखादा प्राणी अंडी जास्त घालतोय म्हणून आपण खूश होत नाही. ती अंडी फुटत नसतील तर आकडा तसं सांगतो.

पहिल्या पिढीपासून तिसऱ्या पिढीपर्यंत

दोन्ही ताण एकत्र मिळालेल्या वंशात सुरुवातीलाच अंड्यांची संख्या घसरली आणि फुटणाऱ्या अंड्यांचं प्रमाणही घसरलं. फिटनेस ५६ टक्क्यांनी खाली आला. अंड्यांवरच घाव बसावा यात आश्चर्य नाही. गल्ला रिकामा व्हायला लागला की शरीर आधी पुढच्या पिढीचा खर्च कापतं, आणि पाण्यात उघडी पडलेली अंडी स्वतःसाठी वेगळं काही करू शकत नाहीत.

तिसऱ्या पिढीपर्यंत मात्र दोन्ही गोष्टी सावरल्या. अंडी पुन्हा घातली जाऊ लागली, फुटू लागली. सुमारे दीड महिन्यात.

एवढ्या लवकर सावरणं म्हणजे उत्क्रांती का? यावर थोडं थांबायला हवं. प्राणी तीन वाटांनी सावरू शकतो. एक, तीच जनुकं वेगळ्या प्रमाणात चालू-बंद करून; याला लवचीकता म्हणू. दोन, आईने भोगलेल्या परिस्थितीमुळे अंड्यात वेगळं काही उतरून, म्हणजे पालकांकडून आलेली तयारी. तीन, ज्यांच्याकडे योग्य जनुकरूपं (एकाच जनुकाची वेगवेगळी रूपं) होती त्यांचीच पिल्लं जास्त वाचून, म्हणजे नैसर्गिक निवड. पहिल्या तीन पिढ्यांत या तिन्ही गोष्टी एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की नुसत्या अंड्यांच्या संख्येवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. सुरुवातीचा धक्का पचवायला लवचीकतेने हात दिला, हे नंतरच्या प्रयोगातून कळलं. पण ५६ टक्क्यांची घसरण हीसुद्धा निवडच असते. ज्यांची अंडी फुटली नाहीत त्यांची जनुकं तिथेच संपली.

आणखी एक गोष्ट. पंचवीस पिढ्यांत नव्या उत्परिवर्तनांची वाट पाहायला वेळ नसतो. जे काही घडलं ते साउंडमधून आणलेल्या प्राण्यांत आधीच असलेल्या जनुकीय विविधतेच्या जोरावर. साउंडच्या पाण्यात ऋतूंनुसार तापमान खूप खालीवर होतं, भरती-ओहोटीबरोबर पीएच हलतो. अशा ठिकाणी उन्हाला धार्जिणं एखादं जनुकरूप वर्षाच्या एका भागात उपयोगी पडतं आणि दुसऱ्या भागात निरुपयोगी ठरतं, म्हणून ते पूर्ण पसरतही नाही आणि पूर्ण नाहीसंही होत नाही. अशी शिल्लक हाताशी होती म्हणून निवडीला निवडायला काहीतरी मिळालं. स्थिर, एकसुरी पाण्यात राहणाऱ्या एखाद्या अपृष्ठवंशीकडून याच निकालाची अपेक्षा मी करणार नाही.

या प्रयोगशाळेला हा प्राणी झटकन बदलतो याचा अनुभवही होता. अलेक्झांड्रियम नावाच्या विषारी शैवालाचा उद्रेक जिथे वारंवार होतो तिथले अकार्टिया ते विष बऱ्यापैकी पचवतात आणि जिथे उद्रेक होत नाही तिथले पचवू शकत नाहीत, हे डॅम आणि शॉन कॉलिन यांनी २००० नंतरच्या काही वर्षांतच दाखवलं होतं. तिथे ताण एक होता.

नऊ टक्के

तिसऱ्या पिढीनंतर दोन्ही ताण असलेल्या वंशाचा फिटनेस आजच्या पाण्यातल्या वंशापेक्षा सरासरी नऊ टक्के कमी राहिला. शेवटपर्यंत.

छप्पन्न वरून नऊ. यश म्हणावं का? मथळा लिहिणारा ‘जवळजवळ पूर्ण सावरले’ असं लिहील आणि ते खोटं नसेल. पण चक्रवाढीचा विचार करून पाहा. केवळ अंकगणित म्हणून, दोन वंश सारख्या संख्येने सुरू झाले आणि एक दर पिढीला दुसऱ्याच्या ९१ टक्केच वाढला, तर दहा पिढ्यांनंतर एकाच्या शंभराला दुसऱ्याचे एकोणचाळीस उरतात. पंचवीस पिढ्यांनंतर दहाही नाहीत. निसर्गात भक्षक असतात, अन्नाला मर्यादा असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा असा सरळ पडणार नाही. तरी ज्या प्राण्याच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात, त्याच्या बाबतीत ‘फक्त नऊ’ म्हणणं धाडसाचं आहे.

ही बाकी का राहिली, हा या प्रकरणातला सगळ्यात रोचक भाग. अंडी सावरली होती, उबण्याचं प्रमाण सावरलं होतं. नंतरच्या पिढ्यांत फटका बसला तो दुसऱ्याच ठिकाणी, पिल्लं प्रौढ होईपर्यंत जगण्याच्या प्रमाणात. आणि तो बसला उष्णता आणि आम्लता एकमेकींच्या आड आल्यामुळे. एका ताणाशी जुळवून घेताना झालेले बदल दुसऱ्याशी जुळवून घेताना अडचणीचे ठरले, असं त्याचं वाचन करता येतं. म्हणजे ताणांमधलं नातं हे पाण्याच्या रसायनासारखं ठरलेलं नसतं. प्राणी बदलतो तसं तेही बदलतं. पहिल्या पिढीत दोन ताण अंड्यांवर एकत्र घाला घालत होते. पुढच्या पिढ्यांत तेच दोन ताण पिल्लांच्या जगण्यात एकमेकांशी झगडत होते. क्रेन आणि मंडळींच्या पाहणीसारख्या याद्यांत प्रत्येक अभ्यासासमोर ‘बेरीज’, ‘जास्त’, ‘कमी’ असा एक शिक्का असतो. त्या शिक्क्यापुढे पिढीचा क्रमांकही लिहायला हवा, असं मला हा निबंध वाचल्यापासून वाटतं.

उत्क्रांतीमुळे नामशेष होता होता वाचणं या कल्पनेला शास्त्रात मोठं आकर्षण आहे. तिचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा काढतात: संख्या घसरते, तळ गाठते, योग्य जनुकरूपं पसरतात, संख्या पुन्हा वर येते. इथला आलेख वर आला, पण उजवा हात डाव्या हातापेक्षा आखूड राहिला.

जनुकांत काय दिसलं

चारही वंशांत, प्रत्येक वंशातल्या प्राण्यांचा डीएनए वेगवेगळा गोळा करून वाचला, कुठल्या जनुकरूपाचं प्रमाण किती बदललं हे पाहिलं. एखादं ‘उष्णतेचं जनुक’ किंवा ‘आम्लतेचं जनुक’ सापडलं नाही. बदल असंख्य ठिकाणी, थोडाथोडा. पेशीच्या आतलं संतुलन, वाढीच्या अवस्था आणि ताणाला मिळणारा प्रतिसाद यांच्याशी संबंधित जनुकं त्यात होती. स्वतंत्र प्रतींमध्ये तेच बदल पुन्हा पुन्हा दिसले, त्यामुळे हा योगायोग नव्हे हे पक्कं झालं.

दोन ताणांत तापमानाचा ठसा ठळक होता. नुसत्या आम्लतेचा फिका. आणि दोन्ही एकत्र होते तिथे असेही बदल सापडले जे दोन्हींपैकी एकेकट्या ताणाने झाले नव्हते. उष्णतेचा अभ्यास एका टेबलावर आणि आम्लतेचा दुसऱ्या टेबलावर करून मग निकाल जोडले असते, तर ही जनुकरूपं कधी दिसलीच नसती.

परतीची वाट

वीस पिढ्या उष्ण आणि आम्ल पाण्यात काढलेल्या प्राण्यांना उचलून आजच्या पाण्यात ठेवलं, आणि आजच्या पाण्यातल्यांना उष्ण-आम्ल पाण्यात. अशी अदलाबदल करून तीन पिढ्या वाढवलं. ही कामगिरी ब्रेनन, पेस्पेनी, डॅम आणि सहकाऱ्यांची, २०२२ सालची.

अपेक्षा काय असेल? कडक परिस्थितीत तावून सुलाखून निघालेला प्राणी सौम्य पाण्यात आरामात राहील. पूर्वजांचंच तर पाणी. तसं झालं नाही. परत आलेल्यांची अंडी कमी झाली, वाढीचा दर घटला. अन्न कमी केलं तेव्हाही तसंच.

कारण जनुकं चालू-बंद करण्याच्या लवचीकतेत सापडलं. मूळ वंशातले प्राणी पाणी बदललं की हजारो जनुकांचा सूर बदलत होते. वीस पिढ्या एकाच कडक पाण्यात राहिलेल्या वंशाचा सूर त्या पाण्यासाठी कायमचा लागला होता. पाणी बदललं तरी तो फारसा हलेना. लवचीकतेने पहिला धक्का पचवला, तेवढ्या सवडीत जनुकीय अनुकूलनाने जम बसवला आणि तो बसता बसता लवचीकता झिजली. न वापरलेली गोष्ट झिजावी यात नवल नाही. पण ज्या क्षमतेमुळे वाचले तीच वाचता वाचता गमावली, हे वाचताना मी ओळ दोनदा वाचली.

तिसऱ्या पिढीपर्यंत परत आलेल्यांच्या जनुकांचा सूर मूळ पाण्याच्या वंशाशी जुळला. दिलासा वाटेल, पण जनुकरूपांची प्रमाणं तपासली तेव्हा तीही हललेली होती आणि जनुकीय विविधता आणखी आटली होती. म्हणजे हे जुळणं लवचीकतेचं नव्हतं. ती पुन्हा एकदा निवड होती, या वेळी उलट्या दिशेने, आणि निवड म्हटली की काहींचा वंश तुटला हे आलंच. जाताना एकदा किंमत मोजली, येताना पुन्हा.

थंडीतली बहीण

लाँग आयलंड साउंडमध्ये अकार्टिया टोन्सा उन्हाळा-शरद ऋतूचा राजा. हिवाळा आणि वसंतात जागा घेते तिची जवळची नातलग प्रजाती अकार्टिया हडसोनिका, थंड पाण्याची. पाणी तापलं की ती तळाच्या गाळात सुप्तावस्थेतली अंडी ठेवून गायब होते.

डीमेयो आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर तसाच चौपदरी प्रयोग केला, निबंध २०२३चा. थंड पाण्यात पिढी लांबते, त्यामुळे साधारण वर्षभरात अकराच पिढ्या झाल्या. नुसती तापमानवाढ आणि दोन्ही ताण एकत्र, या दोन वंशांत सुरुवातीला फिटनेस सुमारे ४० टक्के घसरला. चार पिढ्यांत पूर्ण सावरला. इथवर गोष्ट ओळखीची, किंबहुना टोन्सापेक्षा बरी. अकराव्या पिढीला मात्र दोन्ही ताण असलेला वंश आजच्या पाण्यातल्या वंशापेक्षा सुमारे २४ टक्के मागे पडलेला निघाला.

इथेही चौथ्या पिढीला वही मिटली असती तर ‘पूर्ण सावरली’ असं छापून आलं असतं.

गंमत पुढे आहे. या वंशाला परत मूळ पाण्यात नेलं किंवा अन्न कमी केलं, तरी फिटनेस आणखी घसरला नाही. लवचीकता शाबूत होती. एकाच पाण्यात, वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत राहणाऱ्या, दिसायलाही जवळजवळ सारख्या दोन प्रजाती. एकीने रोजचा खर्च कमी ठेवला पण लवचीकता गमावली. दुसरीने लवचीकता राखली पण रोजचा खर्च जास्त सोसला. हडसोनिकाने किती पिढ्यांनी काय केलं असतं हे अकरा पिढ्यांवरून सांगता येणार नाही, आणि पिढ्यांची संख्या सारखी नसल्याने ही तुलना सैलच धरावी. तरी एका प्रजातीवरचा निकाल तिच्या सख्ख्या बहिणीलाही लावता येत नाही, एवढं त्यातून ठरतं. आणि अपृष्ठवंशी म्हणजे प्राण्यांच्या सगळ्या प्रजातींतल्या ९५ टक्क्यांहून जास्त. ‘अपृष्ठवंशी जुळवून घेतील का’ असा प्रश्न कुणी विचारला की मला हे दोन ठिपके आठवतात.

बरणीत नव्हतं ते

प्रयोगाच्या बाजूने बोलायचं तर इतकी काटेकोर मांडणी क्वचित दिसते. विरुद्ध बाजूने बोलायचं तर बरणीत मासे नव्हते. कोपेपॉड दचकून उडी मारतो ती भक्षकापासून पळण्यासाठी. गल्ला रिकामा असताना ती उडी किती जोराची निघते हा हिशेब फिटनेसच्या आकड्यात आलेला नाही. तापमान आणि दाब वर्षभर एकाच अंकावर बांधलेले होते. साउंडमध्ये ते तासातासाला हलतात. सतत हलणाऱ्या पाण्यात लवचीकता झिजायला वाव कमी मिळेल, असा तर्क करता येतो. उलट बाहेरून नवे प्राणी येऊन मिसळण्याची सोयही बरणीत नव्हती. ती असती तर जनुकीय विविधता इतकी आटली नसती, पण बाहेरच्या जनुकांनी नव्या अनुकूलनात पाणीही घातलं असतं.

अन्नाचा मुद्दा राहिला. पंचवीस पिढ्या ताटात भरपूर वाढलेलं होतं आणि ते कमी केल्यावर काय झालं ते परतीच्या प्रयोगात दिसलंच. हातावर पोट असलेल्या या प्राण्याला बाहेर रोज भरलं ताट मिळत नाही. वनस्पतिप्लवकाचा बहर येतो आणि ओसरतो.

आणि ऑक्सिजन. लाँग आयलंड साउंडच्या पश्चिम भागात दर उन्हाळ्यात तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन घटतो. वरचं तापलेलं हलकं पाणी आणि खालचं थंड जड पाणी यांचे थर बसतात, शहरांच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजनवर पोसलेलं शैवाल मरून खाली बसतं, ते कुजताना ऑक्सिजन खर्च होतो आणि त्याच कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे उष्णता, आम्लता आणि ऑक्सिजनची टंचाई तिथे वेगवेगळ्या येत नाहीत. एकाच प्रक्रियेतून, एकाच महिन्यात, एकाच थरात येतात. आणि तो महिना हडसोनिकाचा नाही. ती तेव्हा गाळात अंडी होऊन पडलेली असते. तो टोन्साचा महिना असतो.